हॉटेलात परके, फुटपाथवर आपले: खरंच असंच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे न्यू जर्सीत राहतात, वेळच्या वेळी कर भरतात आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळले आहेत. त्यांचं म्हणणं असं की, न्यूयॉर्कने सीमा ओलांडून आलेल्यांना हॉटेलात ठेवलं, जेवू घातलं, वर पैशांची कार्डं वाटली. आणि इथले बेघर नागरिक मात्र सबवेत झोपतात. शहरांचं हे धोरण नेमकं आहे तरी काय, कुठल्या शहराने ते त्यातल्या त्यात नीट केलं, आणि उद्या आमच्या टाऊनशिपमध्ये शेल्टरचा प्रस्ताव आला तर बैठकीत काय विचारायचं?

मी न्यूयॉर्कमध्ये बेघर कुटुंबांच्या शेल्टरमध्ये आधी केसवर्कर (एकेका कुटुंबाला कागदपत्रं, काम, घर यांसाठी मदत करणारी) आणि मग डायरेक्टर म्हणून काम केलं. आता शेल्टर चालवणाऱ्या संस्थांना सल्ला देते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो भलत्याच माणसांवर निघतोय असं मला वाटतं. शेल्टरमध्ये कुणाला घेतलं यावर सगळे भांडतात. एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर कसं पडता येईल हे कुणी विचारत नाही, आणि खरा पैसा तिथेच जातो.

आधी हॉटेलांचं. न्यूयॉर्क शहरात कुणी रात्रीचा निवारा मागितला तर तो शहराला द्यावाच लागतो, आणि हे कुठल्या महापौराच्या दयेतून आलेलं नाही. १९७९ साली रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बावरी भागात रस्त्यावर राहणाऱ्या पुरुषांच्या वतीने राज्यावर आणि शहरावर दावा लावला. आधार होता न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतल्या एका कलमाचा. महामंदीचे चटके ताजे असताना, १९३८ साली, ते घातलं गेलं होतं: गरजूंना मदत, देखभाल आणि आधार देणं ही सार्वजनिक बाब आहे आणि ती राज्याने पार पाडायची. ऑगस्ट १९८१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोडीच्या हुकूमनाम्यावर सह्या केल्या. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो रॉबर्ट कॅलहन त्याआधीच रस्त्यावर मेला होता. त्या हुकूमनाम्याची पुरवणी वाचण्यासारखी आहे. पलंग किमान ३० इंच रुंद, दोन स्वच्छ चादरी, ब्लँकेट, उशी, टॉवेल, साबण, कुलूप लावता येईल अशी सामान ठेवायची जागा, असं सगळं त्यात लिहिलंय. मी नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी ते पान वाचायला द्यायचे, कारण पुढचे सगळे वाद त्याच पानावरून होतात. नंतरच्या दाव्यांमधून हा हक्क स्त्रियांना आणि मुलाबाळांच्या कुटुंबांनाही मिळाला. त्यात नागरिकत्वाची अट कुठेही नाही.

एवढा हक्क अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८३ च्या कायद्याने मुलं असलेल्या कुटुंबांना आणि गरोदर स्त्रियांना निवारा मिळतो, पण तो राज्याचा कायदा आहे आणि एकट्या माणसाला लागू नाही. वॉशिंग्टन डीसीत कडाक्याच्या थंडीत तो हक्क मिळतो. बाकी ठिकाणी पलंग रिकामा असेल तर मिळतो, नसेल तर यादीत नाव लिहायचं आणि रात्र कुठे काढायची ते आपलं आपण बघायचं.

आता २०२२. त्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी सीमा ओलांडून आलेल्यांना बसमध्ये बसवून वॉशिंग्टनला पाठवायला सुरुवात केली, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला आणि शिकागोला, पुढच्या वर्षी डेन्व्हरला. सगळेच त्या बसमधून आले असं नाही. पुष्कळ जण स्वतः तिकीट काढून आले, कारण इथे निवारा मिळतो ही बातमी व्हॉट्सॲपवर सीमेपलीकडेही पोचली होती. २०२४ च्या मध्यापर्यंत दोन लाखांहून जास्त लोक न्यूयॉर्कच्या यंत्रणेतून गेले. जानेवारी २०२४ मध्ये एकेका रात्री सुमारे ६९ हजार स्थलांतरित शहराच्या छपराखाली होते, नेहमीच्या बेघरांव्यतिरिक्त. एवढे पलंग शेल्टरमध्ये कुठून येणार? म्हणून हॉटेलं, रँडल्स आयलंडवरचे तंबू, ब्रुकलिनच्या जुन्या विमानतळावरचे तंबू. मॅनहॅटनचं रूझवेल्ट हॉटेल मे २०२३ मध्ये स्वागत केंद्र झालं आणि जून २०२५ मध्ये बंद झालं. हॉटेल म्हटलं की आपल्याला रूम सर्व्हिस आठवते. प्रत्यक्षात एका खोलीत चार-पाच माणसं, स्वयंपाकाला मनाई, दारात सुरक्षारक्षक आणि येताजाता सही.

इथे एक गल्लत नेहमी होते. त्या हॉटेलांत राहणारे बहुतेक जण सीमेवर स्वतः अधिकाऱ्यांपुढे उभे राहिलेले होते. त्यांच्या हातात इमिग्रेशन कोर्टाची तारीख होती, म्हणजे केंद्र सरकारला त्यांची नावं, फोटो, बोटांचे ठसे सगळं ठाऊक होतं. वीस-वीस वर्षं कागदांशिवाय राहणारा माणूस वेगळा. तो शेल्टरच्या दाराशी सहसा फिरकतच नाही. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एखाद्या तळघरात चार जणांत खोली वाटून घेतो, पहाटे कामाला जातो आणि सरकारी कागदावर नाव येणार नाही याची काळजी घेतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरांतल्या घरांत अकरा जण बुडून मेले, तेव्हा या घरांकडे पहिल्यांदा शहराचं नीट लक्ष गेलं. आणि हो, यात आपलेही लोक आहेत. प्यू रिसर्चच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये अमेरिकेत कागदांशिवाय राहणारे भारतीय सव्वासात लाखांच्या घरात होते. क्वीन्समधल्या रिचमंड हिलच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

या तळघरवाल्यांना बेघर म्हणायचं का? गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे हडच्या, दरवर्षी जानेवारीच्या शेवटी होणाऱ्या शिरगणतीत दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारा माणूस धरला जात नाही. शिक्षण खातं मात्र अशा मुलांना बेघरच मानतं. म्हणून एकट्या न्यूयॉर्कच्या शाळांत २०२३-२४ मध्ये १ लाख ४६ हजार मुलं बेघर नोंदली गेली; त्यातली निम्म्याहून जास्त शेल्टरमध्ये नव्हतीच, कुणाच्या तरी घरी कोंबलेली होती. हडच्या गणतीत २०२४ मध्ये देशभरात ७ लाख ७१ हजार बेघर निघाले, आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त. त्या गणतीत नागरिक की परदेशी हे विचारलंच जात नाही. त्यामुळे "बेघरांत इतके टक्के बेकायदा" असा आकडा कुणी छातीठोकपणे फेकला, तर तो त्याने कुठून आणला हे जरूर विचारा.

पैशांकडे येऊ. तुमचा समज असा दिसतो की एकच तिजोरी आहे आणि त्यांना दिलं म्हणून यांना कमी पडलं. कायदा तसा नाही. १९९६ साली क्लिंटन यांनी सही केलेल्या वेल्फेअर कायद्याने कागद नसलेल्यांना केंद्राच्या जवळजवळ सगळ्या मदतीतून बाहेर काढलं. फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची मदत) नाहीत, नियमित मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) नाही, रोख मदत नाही. सरकारी घरं आणि सेक्शन एट, म्हणजे केंद्राची भाड्यातली मदत, त्यांना त्याआधीपासूनच बंद आहे. राज्याला स्वतःच्या पैशाने काही द्यायचं असेल तर तसा कायदा नव्याने, नाव घेऊन करावा लागतो. उरलं काय? जिवावर बेतलं तर इस्पितळाची इमर्जन्सी, जी १९८६ पासून कुणालाही नाकारता येत नाही. मुलांची शाळा, कारण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्याच एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तसा निकाल दिला. आणि जीव वाचवण्यापुरती मदत: अन्नछत्र, थोड्या दिवसांचा निवारा, लसी. तीही वादातीत राहिलेली नाही. निवारा-अन्नछत्राची सवलत ज्या आदेशात होती तो २००१ चा आदेश केंद्राने जुलै २०२५ मध्ये मागे घ्यायला घेतला आणि राज्यं कोर्टात गेली.

एकाच कुटुंबात कागदांची भेसळ असली की हिशेब आणखी चमत्कारिक होतो. आईकडे काहीच नाही, धाकटा मुलगा इथे जन्मला म्हणून नागरिक. फूड स्टॅम्पच्या कार्डावर पैसे येतात ते एकट्या त्या मुलाच्या वाट्याचे. सेक्शन एटचं घर मिळालंच तर भाड्याची सवलतही माणशी कापून. घरात माणसं तीन, सरकारच्या लेखी एक. अशा घराचं बजेट बसवताना मला कित्येकदा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवावासा वाटला आहे.

त्या कार्डांबद्दलही सांगून टाकते, कारण त्यावर सगळ्यात जास्त फॉरवर्ड फिरले. २०२४ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कने हॉटेलातल्या काही कुटुंबांना प्रीपेड कार्डं दिली. दोन लहान मुलं असलेल्या चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला साधारण ३५० डॉलर. ती फक्त किराणा दुकानांत चालायची, खाण्यापिण्यासाठी आणि बाळाच्या सामानासाठी. त्याआधी कंत्राटदार खोक्यांत थंड जेवण आणून देत असे आणि त्यातलं पुष्कळसं कचऱ्यात जाई. पोरं खात नसत, आया तरी काय करणार? कार्डाने अन्न वाया जाणं थांबलं आणि पैसा त्याच पेठेतल्या दुकानदारांकडे गेला. २०२४ संपताना शहराने ते बंद केलं. योजना बरी होती. "दहा हजार डॉलरचं कार्ड" म्हणून जी बदनामी झाली तिच्यापुढे टिकली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडण्याचं.

शेल्टरमधून माणूस बाहेर पडतो तो दोन गोष्टींच्या जोरावर: कमाई आणि भाड्याचं घर. असायलम, म्हणजे मायदेशी छळाची भीती आहे म्हणून इथे आश्रय, मागणाऱ्याला काम करायचा परवाना लगेच मिळत नाही. आधी असायलमचा अर्ज भरायचा, तोही आल्यापासून एका वर्षाच्या आत. फॉर्म इंग्रजीत, बारा पानी, आणि त्यात आपल्यावर काय बेतलं ते तारीखवार लिहायचं. अर्ज पोचल्यावर १५० दिवसांनी परवान्याची मागणी करता येते आणि १८० दिवस भरल्याशिवाय तो हातात पडत नाही. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. म्हणजे अर्ज भरायला कुणी मदत केली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही, आणि तोवर माणूस हॉटेलात. न्यूयॉर्कला हे उमजायला वर्ष गेलं. अर्ज भरून देणारं केंद्र २०२३ च्या उन्हाळ्यात उघडलं, पहिल्या बसनंतर जवळजवळ वर्षाने. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शहराने खर्च केलेला सर्वांत फायद्याचा डॉलर तो होता. त्याच सप्टेंबरमध्ये केंद्राने व्हेनेझुएलाच्या लोकांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण दिलं, त्यामुळे त्यांना परवाना लवकर मागता आला. पुढे २०२५ मध्ये ते संरक्षण काढून घेण्यात आलं.

परवाना मिळाला तरी घर? न्यूयॉर्कचा घरमालक मासिक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न मागतो. अडीच हजारांचं भाडं म्हणजे वर्षाला लाख डॉलर कमाई दाखवा. सोबत क्रेडिट स्कोअर, पगाराच्या स्लिपा, नाहीतर हमीदार. इथला नागरिक बेघर झाला तर त्याच्यासाठी शहराचं भाड्याचं व्हाउचर आहे, म्हणजे भाड्याचा मोठा वाटा शहर भरतं. ते मिळायला महिने लागतात, व्हाउचर दाखवलं की घरमालक फोन उचलत नाहीत, हे सगळं खरं. पण निदान दार तरी आहे. कागद नसलेल्याला ते व्हाउचर जवळजवळ बंद. मग तो राहतो तिथेच. आणि तिथे राहण्याचा शहराला पडलेला खर्च, एका कुटुंबामागे एका रात्रीला, साडेतीनशे ते चारशे डॉलरच्या दरम्यान होता. महिन्याचा गुणाकार करा: दहा-बारा हजार. तेवढ्यात क्वीन्समधल्या साध्या घराचं तीन-चार महिन्यांचं भाडं निघालं असतं. व्हाउचर द्यायचं नाही कारण ते "बेकायदा लोकांवर उधळपट्टी" ठरेल, आणि हॉटेलचं बिल भरायचं कारण कोर्टाचा हुकूम आहे. हा हिशेब मांडून दाखवला की बैठकीत सगळे मान डोलावत. निर्णय कुणी घेत नसे.

त्याऐवजी शेल्टरमधल्या मुक्कामाला मुदती आल्या. २०२३ च्या शरद ऋतूपासून एकट्या माणसाला ३० दिवस, कुटुंबाला ६०. माझ्याकडे इक्वेडोरची एक आई होती, दोन मुलं, थोरली सहा वर्षांची. साठ दिवसांची नोटीस खोलीच्या दाराखालून सरकवलेली. बाई ती नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि तिने प्लास्टिकचं फोल्डर उघडलं. सगळं क्रमाने लावलेलं: कोर्टाच्या तारखेचा कागद सगळ्यात वर, मग मुलांची लसीची कार्डं, मग शाळेचं पत्र, तळाशी ऑफिसं साफ करायच्या कामाच्या मालकाचा नंबर एका पावतीच्या मागे लिहिलेला. तिला एकच विचारायचं होतं: शाळा बदलेल का? कायद्याने नाही बदलत. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याप्रमाणे बेघर मुलाला त्याच शाळेत राहता येतं आणि न्यायची-आणायची सोयही जिल्ह्याने करायची असते. पण नवी खोली मिळाली ब्रॉन्क्समध्ये आणि शाळा क्वीन्समध्ये. सहा वर्षांची पोर रोज सकाळी दीड तास बसमध्ये. बाईचं पहाटेचं काम गेलं, कारण धाकट्याला सोडायचं कुणाकडे? मुदत लावली होती ती लोक लवकर स्वतःच्या पायावर उभे राहावेत म्हणून. तिचे होते ते पाय त्या मुदतीने काढून घेतले.

मुदतीने शेल्टरमधला आकडा खाली आला हे मात्र मान्य करायला हवं. पुष्कळ जण गेले: नातेवाइकांकडे, दुसऱ्या राज्यात, शहराने काढून दिलेल्या तिकिटावर. किती गेले ते शहराने मोजलं. कुठे गेले याचा धड माग ठेवला नाही. त्यामुळे मुदत यशस्वी झाली की नुसती तळघरं भरली, हे सिद्ध करता येत नाही.

"आपल्या" बेघरांचं काय, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. लॉस एंजेलिस काउंटीत २०२४ च्या गणतीत ७५ हजार बेघर होते आणि त्यातले दहापैकी सात उघड्यावर, तंबूत किंवा गाडीत झोपत होते. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी उघड्यावर सापडले सुमारे ४,१००. दोन्ही शहरं महाग, दोन्हीकडे स्थलांतरित भरपूर. फरक इतकाच की एका ठिकाणी निवाऱ्याचा हक्क आहे. लॉस एंजेलिसच्या फुटपाथवरच्या माणसाचा पलंग व्हेनेझुएलाच्या कुणी घेतलेला नाही, तो पलंग कधी मांडलेलाच नव्हता. तिथे २०२० मध्येच, बस येण्याच्या कितीतरी आधी, बेघर ६६ हजारांवर गेले होते.

न्यूयॉर्कच्या सबवेत झोपणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यातल्या बहुतेकांना पलंग देऊ केलेला असतो आणि ते नाही म्हणतात. का, ते त्यांनाच विचारा. मोठ्या हॉलमध्ये अनोळखी वीस-तीस जण, चोऱ्या, मारामाऱ्या, रात्री दहाच्या आत हजेरी, बायको किंवा कुत्रा बरोबर चालत नाही. ज्याला मानसिक आजार आहे त्याला तो हॉल तुरुंगासारखा वाटतो. असे लोक छोट्या, कमी अटींच्या जागेत येतात. न्यूयॉर्क त्यांना सेफ हेवन म्हणतं. माझा अनुभव असा की स्वतःची खोली आणि दाराला कुलूप मिळालं की सर्वांत हट्टी माणूसही आत येतो. ह्यूस्टनने हेच सगळ्या शहराच्या पातळीवर केलं: आधी घर, मग उपचार. २०११ पासून तिथली बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली. ते टेक्सासमध्येच आहे, हे आवर्जून सांगते.

हॉटेलांचा राग येणाऱ्यांना मी २०२० ची आठवण करून देते. कोविडमध्ये न्यूयॉर्कने मोठ्या शेल्टरमधल्या हजारो बेघरांना रिकाम्या हॉटेलांत हलवलं. ते जवळजवळ सगळे इथलेच, म्हणजे तुमच्या भाषेत "आपले". तेव्हा अपर वेस्ट साइडच्या एका हॉटेलवरून शेजाऱ्यांनी वकील लावले होते. पुढच्या वर्षी त्या लोकांना पुन्हा हॉलमध्ये पाठवलं. नागरिक बेघरांना हॉटेल हवं म्हणणारे तेव्हा फारसे दिसले नाहीत.

तरीही तुमच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे. २०२३ आणि २०२४ या दोन आर्थिक वर्षांत न्यूयॉर्कने यावर पाच अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला आणि हा पैसा बहुतांशी शहराचा आणि राज्याचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये बजेट कापलं तेव्हा ग्रंथालयं रविवारी बंद झाली. ती पुढच्या उन्हाळ्यात पूर्ववत झाली. डेन्व्हरने करमणूक केंद्रांचे तास कमी केले. ज्याची रविवारची लायब्ररी गेली त्याला "हा वेगळ्या तिजोरीतला पैसा आहे" हे सांगून काय उपयोग? सीमा केंद्राची, कोर्ट केंद्राचं, कामाचा परवाना केंद्राचा, आणि बिल शहराचं. केंद्राने जे थोडंफार दिलं त्यातलेही ८ कोटी डॉलर फेब्रुवारी २०२५ मध्ये शहराच्या बँक खात्यातून परत ओढून घेतले.

दुसऱ्या शहरांनी काय केलं? वॉशिंग्टनने २०२२ मध्येच स्थलांतरितांसाठी वेगळं ऑफिस काढलं आणि त्यांना नेहमीच्या बेघर यंत्रणेबाहेर ठेवलं. राजकीयदृष्ट्या सोयीचं, पण एका गावात दोन यंत्रणा चालवायच्या म्हणजे दोन गोदामं, दोन कंत्राटदार, दोन भाषांचे तक्ते. शिकागोत २०२३ मध्ये कुटुंबं पोलीस चौक्यांच्या फरशीवर झोपली. मग तिथेही ६० दिवसांची मुदत आली, आणि २०२४ संपताना शहराने स्थलांतरितांची आणि इतरांची शेल्टरं एकत्र केली. हा विचार मला पटतो. पलंगाला नागरिकत्व नसतं आणि केसवर्करलाही दोन प्रकारची माणसं वेगळ्या फायलीत ठेवण्यात काही मिळत नाही. अट एकच: एकत्र करताना पलंग कमी होता कामा नयेत.

सगळ्यात विचारपूर्वक वाटलं ते डेन्व्हर. चाळीस हजारांवर लोक आले, शहर न्यूयॉर्कच्या मानाने लहान. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी थोड्या दिवसांचं शेल्टर आवरतं घेतलं आणि सुमारे आठशे जणांना सहा महिन्यांचं घर, जेवण, असायलमच्या अर्जाला मदत आणि कामाचं प्रशिक्षण दिलं. सहाच महिने का? कारण परवान्याचं घड्याळ १८० दिवसांचं आहे. दोन्ही घड्याळं जुळवली! एवढी साधी गोष्ट न्यूयॉर्कला जमली नाही. उणी बाजू उघड आहे: ते आठशे जण सोडून नंतर येणाऱ्यांना काही दिवसांचा आसरा आणि पुढचं तिकीट, एवढंच होतं.

सँक्च्युअरी सिटीबद्दल दोन शब्द, कारण त्याचा आणि शेल्टरचा संबंध लावला जातो. संबंध नाही. त्या धोरणाचा अर्थ इतकाच की शहराचे पोलीस आणि कर्मचारी इमिग्रेशनचं काम करणार नाहीत आणि कुणाचा दर्जा विचारत बसणार नाहीत. न्यूयॉर्कमध्ये त्याची सुरुवात १९८९ च्या महापौर कॉच यांच्या आदेशापासून धरतात, लॉस एंजेलिसमध्ये १९७९ च्या पोलीस आदेशापासून. हेतू सरळ होता: चोरीचा साक्षीदार पोलिसांना घाबरून पळू नये, आजारी मूल दवाखान्यात यावं. शेल्टरच्या दारावर त्याचा अर्थ फार बारीक असतो. आमच्या फ्रंट डेस्कवरच्या मुलांना शिकवावं लागतं की इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने दाखवलेला आय-२०० फॉर्म हे त्याच खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचं वॉरंट असतं. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट वेगळं. पहिल्यावर खासगी भागात सोडायचं बंधन नाही, दुसऱ्यावर आहे. रात्री अकरा वाजता, समोर गणवेशातली चार माणसं असताना, वीस वर्षांच्या पोराने हा फरक ओळखायचा असतो. मे २०२५ पासून मॅनहॅटनच्या इमिग्रेशन कोर्टाच्या व्हरांड्यात अटका सुरू झाल्या आणि आमच्या लोकांपुढे पेच पडला: तारखेला गेलं तर अटकेची भीती, न गेलं तर गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम.

रस्त्यावरच्या नागरिकांसाठीही वारं त्याच दिशेने फिरलंय. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उघड्यावर पथारी टाकल्याबद्दल शहर दंड करू शकतं, पलंग उपलब्ध असो वा नसो. जुलै २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने "आधी घर" या पद्धतीवरून केंद्राचा हात काढायला सुरुवात केली. तेव्हा, परक्यांना मिळणं बंद झालं की आपल्यांना मिळेल, अशी आशा असेल तर घटना तशा घडत नाहीयेत. रूझवेल्ट बंद झालं. तिथे सबवेतलं कुणी राहायला गेलं नाही.

तुमच्या टाऊनशिपचं. न्यू जर्सीत न्यूयॉर्कसारखा हक्क नाही. निवाऱ्याची तातडीची मदत काउंटीकडून मिळते आणि ती मुख्यतः सरकारी मदतीस पात्र असलेल्यांना. कडाक्याच्या थंडीत कोड ब्लू लागू झालं की उबेची जागा उघडावी लागते. २०२३ च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कने बसच्या वेळांवर बंधन आणलं तेव्हा बस सिकॉकस, एडिसन, ट्रेंटनच्या स्टेशनांवर माणसं सोडू लागल्या. ती बहुतेक सगळी पुढची ट्रेन पकडून न्यूयॉर्कला गेली.

बैठकीला जाच. "कुणासाठी" हा प्रश्न बाकीचे विचारतीलच, त्यावर तास जाईल. तुम्ही शेल्टर चालवणाऱ्या संस्थेशी झालेलं कंत्राट मागा. एका केसवर्करकडे किती कुटुंबं असणार ते पाहा. पंचवीसच्या वर असतील तर ते काम नसून हजेरी घेणं आहे. सरासरी मुक्काम किती दिवस धरलाय, आणि संस्थेला पैसे भरलेल्या पलंगावर मिळणार की घरात गेलेल्या कुटुंबावर, हे विचारा. बहुतेक कंत्राटांत पहिलं असतं आणि मग पलंग भरलेले राहतात यात नवल नाही. भाड्याच्या मदतीसाठी बजेटात वेगळी ओळ आहे का ते पाहा, आणि कागद नसलेल्या पालकाच्या नागरिक मुलाला ती लागू आहे का तेही. कामाच्या परवान्याचे अर्ज भरायला वकील किंवा प्रशिक्षित माणूस आठवड्यातून किती दिवस येणार? शाळेच्या बसचा खर्च कुणाच्या बजेटात? शेजारच्यांची तक्रार आली तर फोन कुणी उचलायचा, नावासकट?

आणि तुमच्यापैकी कुणाला हिंदी, गुजराती किंवा पंजाबी नीट येत असेल तर संस्थेकडे तसं कळवून ठेवा. स्पॅनिशचे दुभाषे मिळतात. मेहसाण्याच्या माणसाचा अर्ज तारीखवार लिहून घ्यायला मात्र आम्हाला कुणी मिळत नाही.